झुबक्याखालचा तुरा

मावशीच्या पार्लरमध्ये दोन ड्रायर आहेत, एक बायकांसाठी आणि एक कोंबड्यांसाठी. निदान मावशी तसं सांगते. खरं म्हणजे कोंबड्यांचा ड्रायर कधीच बिघडलाय आणि हल्ली एकच ड्रायर दोन्हीकडे चालतो. पण ही गोष्ट मी आजवर एकाही गिऱ्हाइकाला सांगितलेली नाही. माझ्या पोटात काही राहत नाही असं म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

पुढच्या खोलीत पार्लर. दोन खुर्च्या, मोठा आरसा, मान मागे टाकून केस धुवायचं भांडं, आणि भिंतीवर हसऱ्या बायकांचे फोटो, ज्यांच्यासारखे केस आजवर कुणाचेच झालेले नाहीत. मधल्या दाराला पडदा. त्याच्या पलीकडे स्वयंपाकघर, आणि त्याच्याही मागे फरशीचं चिंचोळं अंगण. मावशीचा खरा संसार त्या अंगणात राहतो.

रेशमी कोंबड्या. ज्यांनी त्या पाहिलेल्या नाहीत त्यांना मी सांगते, की एका गुबगुबीत पांढऱ्या मांजरीला चोच लावा, झालं काम. अंगावर पिसं नाहीतच असं वाटतं, नुसती लव. डोक्यावर झुबका, तोही असा की डोळे शोधावे लागतात. वरून कापूस, पण लव फुंकर मारून बाजूला केली की आत कातडी काळी-निळी, शाई सांडल्यासारखी. कानाच्या पाळ्या निळसर हिरव्या. आणि पायाला चाराच्या ऐवजी पाच बोटं. पाचवं जमिनीला टेकतच नाही, वर करून धरलेलं असतं, चहाचा कप धरताना काही बायका करंगळी धरतात तसं.

सासर सोडून निघाली तेव्हा मावशीनं यांची एक जोडी टोपलीत घालून आणली होती. बाकी काही आणलं नाही. भांडी नाही, कपडे नाहीत. आई अजून म्हणते, "निदान स्वेटर तरी आणायचास गं!" मावशी म्हणते, "स्वेटरला पिल्लं होत नाहीत." आज अंगणात आहेत त्या सगळ्या त्याच जोडीच्या. बाहेरचं रक्त मावशीनं कधी आत येऊ दिलं नाही.

आईची शिफ्ट संध्याकाळी उशिरा संपते, म्हणून शाळा सुटली की मी मावशीकडे. पूर्वी मी एका कोपऱ्यात स्टुलावर बसायचे आणि कुणी नाव विचारलं तरी लाल व्हायचे. मावशी मला गोगलगाय म्हणायची. मग एक दिवस तिनं माझ्या मांडीवर एक कोंबडी ठेवली आणि म्हणाली, "डोळे मीट."

"का?"

"डोळ्यांना सगळंच गोंडस दिसतं. हातानं बघ."

मी हातानं बघायला शिकले. साध्या पिसाचं कसं असतं, ते मधून फाडलं आणि दोन बोटांत धरून सरळ ओढलं की परत जुळतं, चेन लागल्यासारखं. त्याला बारीक आकडे असतात. रेशमी पिसाला आकडेच नसतात. कितीही ओढा, ते मोकळंच. म्हणजे दिसायला कापसाचा गोळा असलेली एखादी कोंबडी, पण शेपटीकडे चेन लागली, की मिश्र. पायाचं चौथं आणि पाचवं बोट मुळाशी चिकटलेलं असलं, की मिश्र. काखेतली कातडी फिकट पडली, की मिश्र. पण मावशी म्हणायची की यातलं प्रत्येक लक्षण लबाड आहे. पाचवं बोट अर्ध्या रक्तातही येतं. काळी कातडीही येते.

"मग खरं काय?"

"तुरा," ती म्हणायची. झुबक्याच्या खाली, बाहेरून न दिसणारा मांसल तुरा. अस्सलचा तुरा अक्रोडासारखा, गोल, मधून आडवी एक घडी पडलेला. मिश्राचा कसाही असू शकतो. तो बघायचा बोटाच्या टोकानं, झुबक्यात बोट घालून. आणि ते बोट मावशीचंच. बाकी सगळं मी करायचं, तुऱ्याला शेवटचा हात मावशीचा. हा आमच्या अंगणाचा नियम.

"आणि मिश्र म्हणजे वाईट का गं?" मी एकदा विचारलं होतं.

"वाईट कशाला? मिश्र कोंबडी दणकट असते, अंडीही जास्त देते. अस्सल म्हणजे भारी नव्हे, टकळे. अस्सल म्हणजे उद्याचं सांगता येतं. हिच्या पोटी काय येणार ते मला आज माहीत आहे. माझ्या आयुष्यात एवढीच एक गोष्ट अशी आहे."

टकळे म्हणजे मी. कारण गोगलगाय तोपर्यंत संपली होती. झालं असं, की शाळेत प्रत्येकानं आपल्या आवडीच्या विषयावर थोडंसं बोलायचं होतं. मी एक कोंबडी घेऊन गेले. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "अरे, हिचं कुत्रं बघा!" सगळा वर्ग हसला आणि मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "कुत्रं आहे ना? मग ये, बोटं मोज." तो आला, मोजली, आणि पाच भरल्यावर त्याचं तोंड जे उघडं राहिलं! मग मी जी सुटले ती तास संपेपर्यंत. बाईंना शेवटी हात जोडावे लागले. तेव्हापासून मी थांबलेली नाही.

आता मुद्द्यावर येते.

आमच्या गल्लीत कोंबड्या कितीही चालतात, पण कोंबडा एकच. हे सगळ्यांनी मिळून ठरवलंय, कारण समोरच्या नर्सताईंना रात्रपाळी असते आणि त्या सकाळी झोपतात. एकाची त्यांनी सवय करून घेतलीय. "दुसरा आरवला तर मी त्याला इंजेक्शन देईन," असं त्या हसत म्हणतात, पण फार हसत नाहीत. तर तो एक कोंबडा म्हणजे आमचा म्हातारा, ज्याला सगळी गल्ली आजोबा म्हणायची. या वर्षी आजोबा गेले. काही झालं नाही, नुसते म्हातारे झाले होते. सकाळी खुराड्यात बसल्या जागी मान टाकलेली.

त्यांची शेवटची अंडी तेव्हा कोंबडीखाली होती. पण त्याच कोंबडीखाली आणखीही अंडी होती. शेजारच्या शिंपीणकाकूंची एक बहीण शहराबाहेर राहते, मोकळ्या जागेत. तिच्या कोंबड्यांमध्ये पूर्वी कधीतरी एक रेशमी मिसळली होती, त्यामुळे तिकडे आता रेशमीसारख्या दिसणाऱ्यांची खिचडीच झालीय. रेशमी कोंबडी एकदा अंड्यांवर बसली की कुणाचीही उबवते, दगड ठेवला तरी बसेल, म्हणून काकूंनी बहिणीची अंडी आमच्याकडे दिली. मावशीनं आपल्या अंड्यांवर फुल्या मारल्या. कशानं? तिच्या एप्रनच्या खिशात कायम जी असते तिनं, भुवयांच्या पेन्सिलीनं! कोंबडी अंडी पोटाखाली फिरवत राहते, तिथं ऊब असते, अंगाचं तेल असतं. पिल्लं बाहेर पडायच्या सुमाराला सगळी अंडी कशी स्वच्छ! एकही फुली नाही.

"पार्लरवालीच ती," शिंपीणकाकू म्हणाल्या. "साधं शिसपेन्सिलीनं लिहायचं सोडून अंड्यांचा मेकअप करत बसली."

पिल्लं मोठी होत गेली तशी आम्ही निवडत गेलो. ज्यांना चेन लागणारी पिसं फुटली ती काकूंची. चार बोटांची काकूंची. ज्यांच्याबद्दल शंकाच नव्हती अशा काही माद्या आमच्या. शेवटी उरले दोन कोंबडे, दोन्ही पांढरे, दोन्ही रेशमी, दोन्ही पाच बोटांचे. एक गुबगुबीत, गोल, मांडीवर येऊन झोपणारा. त्याचं नाव भोपळा. दुसरा हाडकुळा, अंगावरची लव सदा विस्कटलेली, कुणी जवळ गेलं की खुराड्याच्या मागे पळणारा. तो झिपऱ्या. दोघंही आपले असतील, दोघंही काकूंचे असतील, काहीच सांगता येत नव्हतं. पण ठेवता येणार होता एकच, आणि तो जर चुकीचा निघाला तर टोपलीतून आलेली ती जोडी तिथंच संपणार होती. पुढची पिल्लं कशी होतील ते मावशीला मग कधीच सांगता येणार नव्हतं.

त्यात दोघंही आरवायला शिकले. भोपळा बरा आरवायचा. झिपऱ्या म्हणजे गंजलेलं फाटक. पहिल्याच सकाळी नर्सताई गाऊनवर शाल घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"एक, बरं का. एकच."

"रविवारी मी बहिणीकडे चाललेय," काकू म्हणाल्या. "जो नको असेल तो टोपलीत घाला. तिकडे दिवसभर बोंबलला तरी चालतंय. फक्त काय ते ठरवा एकदाचं. लग्न जमवतोय का आपण, इतकी चौकशी?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. "तू ठरव."

"मी?"

"तूच. तुला येतंय आता सगळं."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मावशीचा सगळा संसार, आणि ठरवणार मी! मी त्या दिवशी शाळेत ज्याला त्याला सांगत सुटले. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ सांगितलं, रांगेत सांगितलं, शिपाईमामांनाही सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं, पोरी. आता घंटा वाजवू का?"

संध्याकाळी मी दोघांना अंगणातल्या बाकावर घेतलं आणि बारकाईनं पाहिलं. लव दोघांची मोकळी. चौथं-पाचवं बोट दोघांचं सुटं. कातडी दोघांची काळी, भोपळ्याची तर जास्तच. कानाच्या पाळ्या भोपळ्याच्या सुंदर निळ्या, झिपऱ्याच्या मळकट. आणि भोपळा माझ्या कोपराच्या घडीत डोकं खुपसून झोपूनसुद्धा गेला. मी काय करणार होते?

"भोपळा," मी जाहीर केलं.

मावशी हात पुसत आली. तिनं डोळे मिटले, भोपळ्याच्या झुबक्यात बोट घातलं, इकडून तिकडे एकदा फिरवलं.

"बरं," ती म्हणाली. "भोपळा."

एवढंच. झिपऱ्याला तर तिनं हातही लावला नाही. मला जरा चुटपुट लागली. पूर्वी ती एकेका तुऱ्याशी इतका वेळ घालवायची की कोंबडी कंटाळून खाली उडी मारायची. पण मला वाटलं, माझ्यावर इतका विश्वास! आणि मी हवेतच घरी गेले.

शनिवारी शाळा लवकर सुटते. मी ठरवलं, नव्या राजाला अंघोळ घालायची. कोमट पाणी, थोडा साबण, मग साधं पाणी. रेशमी कोंबडी भिजली की तिच्याकडे बघवत नाही. सगळा कापूस अंगाला चिकटतो आणि आत एवढीशी काडी निघते. भोपळा पण तसाच निघाला, निम्मा. मला हसू आलं. मी त्याच्या डोक्यावर पाणी सोडलं, झुबका दोन्ही बाजूंना चिकटला, आणि मधून तुरा उघडा पडला.

अक्रोड नव्हता तो. टोकं होती त्याला. लहान लहान बोथट टोकांच्या तीन ओळी, वाटाणे ओळीनं चिकटवावेत तशा. मी बोट फिरवलं. डोळे मिटून फिरवलं. परत फिरवलं. माझ्या बोटाला ती टोकं एकेक करून लागत होती. यात शंका घ्यायला जागाच नव्हती. आंधळ्यालाही कळलं असतं. नव्हे, आंधळ्याला तर आधी कळलं असतं.

मी भोपळ्याला टॉवेलात गुंडाळून ठेवलं आणि झिपऱ्याला धरायला धावले. तो मला खुराड्याभोवती पळवत राहिला, शेवटी कोपऱ्यात सापडला. ओल्या हातानं त्याचा झुबका दाबला. गोल. गुळगुळीत. मधून आडवी घडी.

माझ्या मनात आधी आलं, अरे बापरे, मी चुकले! आणि त्याच्या मागोमाग आलं, पण मावशीनं हात लावला होता.

इथंच बोट होतं तिचं. याच टोकांवरून गेलं होतं.

मी टॉवेलातला भोपळा मांडीवर घेऊन बाकावर बसले. पडद्यापलीकडून पार्लरचे आवाज येत होते. नळ, कात्री, कुणीतरी कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होतं. आणि मग एक बाई किंचाळली, "अगं आई गं! सोलतेस की काय मला?"

"सॉरी, सॉरी," मावशी म्हणाली. "हा गीझर ना, वेड्यासारखा करतो."

गीझर वेड्यासारखा करत नव्हता. मी आत्ताच त्याचं पाणी घेतलं होतं.

मग एकेक गोष्ट आपणहून पुढे आली. मावशी उकळता चहा ओतलेला पेला हातात घट्ट धरून गप्पा मारत बसते, आणि मला ते केवढं धाडसाचं वाटायचं. भुवया कोरायचं तिनं बंद केलंय, दोऱ्याला आता मागणी नाही म्हणते, पण बायका विचारतात, मी ऐकलंय. तिच्या तर्जनीवर केस सरळ करायच्या गरम चिमट्याचा चट्टा आहे आणि तो कधी पडला ते तिला सांगता आलं नव्हतं. बारीक क्लिपा ती बघून वेचते, हातानं नाही. इतकी वर्षं केसांना लावायची ती औषधं, ते रंग, आणि हातमोजे घातले की केस कळत नाहीत म्हणून हातमोजे कधीच नाहीत.

तू ठरव, ती म्हणाली होती. तुला येतंय आता सगळं.

माझं तोंड बंद झालं. खरंच बंद झालं. जेवताना आईनं माझ्या कपाळाला हात लावला. "बरं वाटत नाही का? आल्यापासून एक शब्द नाही." मी म्हटलं, दमलेय. आईनं मग भाजी वाढताना दोनदा माझ्याकडे पाहिलं.

मी ठरवलं, मावशीच्या बोटांबद्दल चकार शब्द काढायचा नाही. नुसतं म्हणायचं, माझा विचार बदलला. मुलींचे विचार बदलतात, सगळं जग तसंच म्हणत असतं, एकदा तरी त्याचा उपयोग होऊ दे.

रविवारी सकाळी पार्लर भरलेलं असतं. त्या दिवशी नर्सताई खुर्चीत बसल्या होत्या, डोक्याला तेल लावून, धुवायची वाट बघत. काकू टोपली घेऊन मागच्या दारानं अंगणात आल्या. मावशी कंगवा हातात घेऊनच बाहेर आली.

"कुठला रे बाबा माझा?" काकू म्हणाल्या.

"झिपऱ्या," मावशी म्हणाली.

"मावशी, माझा विचार बदललाय," मी म्हटलं. "आपण झिपऱ्याच ठेवू."

"का?"

"मला तो आवडतो."

"कालपर्यंत तर त्याच्या नावानं बोटं मोडत होतीस."

"आज आवडतो."

"आवडीवर कोंबडा ठेवतात का, टकळे? मी तुरा बघितलाय. भोपळा पक्का आहे." मावशीनं झिपऱ्याला स्वतःच पकडलं, आणि तो नेमका आज पळालाही नाही. तिनं त्याला टोपलीत बसवलं. काकूंनी वर फडकं टाकलं आणि गाठ मारायला घेतली.

ती गाठ. काकू शिंपीण आहेत, त्यांच्या गाठी सुटत नाहीत.

"मावशी, तुला कळलं नाही," मी म्हणाले.

"काय कळलं नाही?"

"भोपळ्याच्या तुऱ्याला टोकं आहेत. तीन ओळी आहेत. मी काल अंघोळ घालताना बघितल्या. तुझं बोट त्यांच्यावरून गेलं आणि तुला लागलंच नाही."

काकूंचे हात गाठीवर थांबले. मावशीचा चेहरा असा झाला की मला वाटलं, मी हे शब्द परत गिळून टाकते, फक्त असा चेहरा नको.

"माझ्या हाताला कळत नाही म्हणतेस?" ती हळू बोलली. "या हातानं मी..." तिनं कंगवा बाकावर ठेवला, भोपळ्याला उचललं आणि झुबक्यात बोट घातलं. मग दुसरं बोट. मग अंगठा. भोपळा शहाण्यासारखा बसून होता. मावशी चाचपत राहिली, चाचपत राहिली, आणि मी तिचे मिटलेले डोळे बघत होते. पापण्यांच्या आत बुबुळं हलत होती, अंधारात किल्ली शोधताना होतं तसं.

"कापूस," ती म्हणाली. "नुसता कापूस लागतोय. सगळीकडेच."



मग मावशीनं एक गोष्ट केली. दोन्ही हातांनी भोपळ्याचा झुबका बाजूला सारला, मान खाली घातली आणि वरचा ओठ त्याच्या तुऱ्यावर टेकवला. असाच धरून ठेवला. हळूहळू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नेला.

"आता काय, मुका घेऊनच पाठवतेस का?" काकू म्हणाल्या, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"टोकं आहेत," मावशी ओठ न उचलताच म्हणाली. "एक, दोन... हो. ओळी आहेत." ती सरळ झाली. तिच्या ओठाला पांढरी लव चिकटली होती. "दुसरा दे."

काकूंनी गाठ सोडली. सोडली म्हणजे दातांनी ओढून सोडवली. झिपऱ्या बाहेर आला तो चवताळूनच. मी त्याचे पाय धरले, काकूंनी पंख धरले, मावशीनं झुबका. त्यानं तिच्या कानातल्याला चोच मारली. मावशी हलली नाही. ओठ टेकवून ती इतका वेळ उभी राहिली की शेवटी झिपऱ्याच गप्प झाला.

"अक्रोड," ती म्हणाली. आणि मग परत, स्वतःशीच, "अक्रोड आहे गं."

तिचे डोळे भरून आले होते की त्यांत कोंबड्याची लव गेली होती, मी विचारलं नाही. मला गप्प बसता येतं, हे आता दोन वेळा सिद्ध झालंय.

भोपळा टोपलीत गेला. मी त्याला शेवटचं उचललं तेव्हा त्यानं सवयीनं माझ्या कोपरात डोकं खुपसलं. तो कालच्याइतकाच गोड होता, त्याच्यात काहीच बदललं नव्हतं. मी बाहीनं डोळे पुसले.

"रडतेस कशाला?" काकू म्हणाल्या. "माझ्या बहिणीकडे गवत आहे, ओढा आहे, बायका आहेत. राजासारखा राहील. मला तर हाच हवा होता मेला, तो हाडकुळा कुणाला हवाय!" आणि त्या खरंच खूश होऊन, टोपली कमरेवर घेऊन, भोपळ्याशी बोलत बोलत गेल्या.

मावशीनं बाकावरचा कंगवा उचलला. "चल. नर्सताई केव्हाच्या बसल्यात."

पार्लरमध्ये नर्सताई मान मागे टाकून तयार होत्या. मावशीनं नळ सोडला. सवयीनं तिचा हात पाण्याखाली गेला आणि तिथंच राहिला. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता. दुसऱ्या खुर्चीत एक बाई डोक्याला रंग लावून मासिक चाळत होती. मला वाटलं, आता मावशी गीझरला शिव्या घालणार.

"इकडे ये," ती मला म्हणाली. नेहमीच्या आवाजात, हळू नाही. "पाणी किती गरम आहे ते बघ. माझ्या बोटांना कळत नाही."

मासिकाचं पान अर्ध्यातच थांबलं.

मी नळाखाली हात धरला. "जास्त आहे. जरा गार कर." मावशीनं केलं. "अजून जरा. हां, आता."

नर्सताईंनी डोळे उघडले आणि उलट्या बाजूनं मावशीकडे पाहिलं. "कधीपासून?"

मागच्या अंगणात झिपऱ्या आरवला, गंजलेलं फाटक उघडावं तसा, आणि मध्येच त्याचा आवाज फाटला.

"हा एकच ना आता?" नर्सताईंनी विचारलं.

"एकच," मावशी म्हणाली. मग तिनं शाम्पूची बाटली माझ्या हातात दिली, स्टूल ओढून नर्सताईंच्या बाजूला बसली आणि सांगायला लागली.